हाड चोख आहे ना?

भाच्यासाठी स्थळ आलं. मुलीचा बायोडाटा व्हॉट्सॲपवर आला, सगळ्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव वाचून झालं. खाटेवर बसलेल्या आत्यांनी एवढंच विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे. हाड चोख हाय ना?"

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. हाड म्हणजे कूळ. मागच्या चार-सहा पिढ्यांत कुठं इकडचं तिकडं झालं नाही ना, याची ती चौकशी. वंश, घराणं हे शब्द भाषणातले. आमच्याकडे माणसाची खरी ओळख हाडात ठेवलेली असते. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक, हाडवैर, हाडपेर. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याचं मनगट चाचपतो, 'हाडपेर चांगलंय' म्हणतो आणि लगेच त्याच्या बापाला दूध, तूप, बदामाचा खुराक सांगतो. हाडावर एवढा भरवसा असेल तर खुराक कशाला, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून सत्तावीस वर्षं नोकरी केली, म्हणजे सत्तावीस वर्षं हाडंच मोजली. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यापुढचं उभं. टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे, डोक्याची मागची बाजू फळीला टेकली पाहिजे. एकीनं गुडघे धरायचे, दुसरीनं डोकं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका पातळीत आलं की मगच वरची पट्टी टाळूवर आणायची. पोरगं बोंबलत असतं, आई 'पुरे करा आता' म्हणते, आत खिचडी करपत असते आणि सेविका श्वास रोखून मिलिमीटर वाचत असते.

त्या डोळा-कानाच्या रेषेला फ्रँकफर्ट पातळी म्हणतात. मेलेल्या माणसांच्या कवट्या सगळीकडे एकसारख्या ठेवून मोजता याव्यात, म्हणून जर्मन मानवशास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात फ्रँकफर्टला ती ठरवली. आम्हाला प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर इरावती कर्वे यांच्याविषयी वाचताना कळलं आणि थोडं चमकायला झालं. कवट्या मोजून माणसांच्या उतरंडी लावणाऱ्यांची रेषा आणि खटावच्या वाडीतल्या पोराची उंची घेणारी आमची रेषा एकच.

आता मूळ वादाकडे येते. आपल्या देशात मुलांची उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांवरून तपासली जाते. त्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलीची मधली उंची १०९.४ सेंटिमीटर आहे आणि ९९.९ च्या खाली गेली की ती 'खुजी' धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी निघाली. चौथ्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. पाच वर्षांत आपण पुढे सरकलो नाही, किंचित मागेच आलो.

हा आकडा पाहिला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पट्टी परदेशी आहे, आपली माणसं मुळातच बारीक चणीची, आपले तक्ते वेगळे करा. बैठकीत तो चहाबरोबर येतो: "मॅडम, आपली हाडंच तशी." पण त्याला विद्वानांचाही आधार आहे. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ साली हेच सविस्तर मांडलं होतं. भारतातले बालमृत्यू आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांपेक्षा कमी असताना इथली मुलं तिथल्यांपेक्षा खुजी कशी? म्हणजे मापातच खोट असणार, आपल्या मुलांच्या आनुवंशिक ठेवणीला ते माप लागू पडत नसणार, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न खोटा नाही. उत्तर मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगायला मला बर्लिनपर्यंत जावं लागेल.

१९२७ साली बर्लिनच्या डालेम भागात मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि वंशसुधार यांचं संशोधन करणारी एक मोठी संस्था सुरू झाली. संचालक ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ साली आजच्या नामिबियात जाऊन रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेतली होती आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं होतं. त्याच मुलखात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजेनं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. मेलेल्यांची डोकी अभ्यासासाठी बर्लिनला रवाना झाली. त्यांपैकी वीस कवट्या नामिबियाला परत मिळायला २०११ साल उजाडलं.

या संस्थेत पुण्याहून विशीतली एक मुलगी डॉक्टरेट करायला गेली. फर्ग्युसनमध्ये शिकलेली, मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेली, कर्व्यांची सून. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या असमानतेचा. कुणाचीच कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचा कयास असा की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत ही असमानता वेगळी दिसेल आणि त्यांच्या तर्कबुद्धीचं श्रेष्ठत्व त्यातून सिद्ध होईल. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला की असमानता सगळ्यांत आहे आणि तिचा वंशाशी संबंध नाही.

हे लिहायला दोन ओळी पुरल्या, पण तिथं बसून लिहिणं केवढं अवघड असेल याचा विचार करा. परका देश, परकी भाषा, पदवी ज्यांच्या हातात त्यांचाच सिद्धांत आपल्या आकड्यांनी मोडतोय. मीही आकडे भरलेत. एका वर्षी एका वरिष्ठांनी आमच्या गटाच्या तक्त्यावर बोट ठेवून, "खुज्यांचा आकडा जरा बघून भरा" असं सांगितलं होतं, तेव्हा माझी पंधरा वर्षं नोकरी झालेली होती आणि तरी हात थरथरले. १९३० साली इरावतीबाईंना पदवी मिळाली. फिशर १९३३ मध्ये, हिटलरच्या राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

बाईंची आरती करण्यासाठी मी हे सांगत नाही. परत आल्यावर काही वर्षांनी त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि पुढची तीसेक वर्षं महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी, नाकं, उंच्या मोजतच राहिल्या. जिथं मोजण्याचा हेतूच संशयास्पद ठरला होता तिथून आलेल्या बाईंनी कॅलिपर, म्हणजे तो मोजायचा चिमटा, खाली का ठेवला नाही, हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे. मात्र मोजून जे निघालं तेही मजेशीर आहे. एकाच नावाच्या जातीतले पोटगट एकमेकांसारखे निघेनात. १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची तुलना छापली, ती याच धाग्यावरची. 'हाड' एक समजून ज्यांची मोट बांधली होती ते गट मापांत वेगवेगळे.

महाराष्ट्राच्या शरीरमापांवरचं इरावतीबाईंचं पुस्तक १९५१ साली निघालं. त्यातले सहलेखक होते वि. म. दांडेकर. तेच दांडेकर, ज्यांनी पुढे १९७१ मध्ये नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला आणि माणशी रोज २,२५० उष्मांक ही रेघ ओढली. नाकाच्या मापांची आकडेमोड केलेला माणूस वीस वर्षांत ताटाच्या मापाकडे आला. त्यांच्या मनात या दोन कामांचा काही संबंध होता का, कोण जाणे. माझ्या मनात मात्र तो पक्का बसला आहे.

नाकाच्या मापाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांचा दावा होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. नाकाच्या रुंदीला लांबीनं भागून त्यांनी माणसांची शिडीच उभी केली. आणि त्याच वर्षी, १९०१ मध्ये, साताऱ्यात शिकणारा एक दहा वर्षांचा मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरला. नवे कपडे, जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करू लागले. त्यांना ती ब्राह्मणांची पोरं वाटली होती. मुलानं 'आम्ही महार' असं सांगितलं तेव्हा मास्तरांचा चेहरा पडला. नंतर त्यांना न्यायला गाडीवानही मिळेना. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. नाक, डोळे, कपाळ, सगळं मास्तरांसमोर होतं आणि त्यातलं काहीच बोललं नाही. बोलला तो एक शब्द.

१९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना बाबासाहेबांनी घुर्ये यांनी जुळवलेले नाकाचे आकडेच हातात घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश वेगळे असल्याचा सिद्धांत त्या आकड्यांनीच मोडून काढला. मला त्या युक्तिवादातला 'जर' फार आवडतो. शरीरमापन हे भरवशाचं शास्त्र असेल तर, अशी अट घालून ते पुढे जातात. म्हणजे तुमचंच हत्यार वापरतो, पण ते धारदार आहे असं मी म्हणत नाही. बाबासाहेब शिकले त्या अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस ज्या विभागात शिकवत होते तिथल्या हवेचा हा परिणाम असावा, असा माझा आपला अंदाज.

बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, सुमारे १८ हजार माणसांची, मापं घेतली होती. लांबट डोक्यांच्या सिसिलियनांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी थोडी गोलसर, आणि गोल डोक्यांच्या पूर्व युरोपीय ज्यूंच्या मुलांची थोडी लांबट निघाली. जे माप वंशाचा अढळ पुरावा मानलं जात होतं तेच एका पिढीत हललं. नव्वद वर्षांनी काही संशोधकांनी आकडे पुन्हा तपासून 'फरक फार लहान होता' असं म्हटलं, दुसऱ्यांनी 'लहान असला तरी खरा होता' असं म्हटलं. तो वाद मिटलेला नाही. मला तेवढा पुरेसा आहे. कवटी ही हाडांमधली सगळ्यात हट्टी. ती एवढी हलत असेल तर पायाच्या नळीचं काय?

आमचा जिल्हा फौजेचा. अपशिंगे गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जवान पडले. 'लढवय्यांची हाडं' असं आम्ही अभिमानानं म्हणतो. पण लढवय्या जातींची यादी इंग्रजांनी केली होती आणि सोयीनुसार बदलली होती. कोरेगाव भीमाला १८१८ साली लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा उघडली, पुन्हा बंद झाली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. एवढ्या वर्षांत महारांच्या हाडांत काय बदललं होतं? आज पोलीस भरतीत १६५ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर कमी पडून पोरगं मैदानाबाहेर बसतं, तेव्हा त्याचा बाप कुळाला दोष देतो. मी त्या पोराचं दीड वर्षांचं असतानाचं रजिस्टर पाहिलेलं असतं.

मग हाडात नक्की काय लिहिलेलं असतं? हे समजायला थोडं मागं जावं लागेल, तीसेक लाख वर्षं. १९७४ साली इथिओपियातल्या हदार इथं लुसी नावानं प्रसिद्ध झालेला सांगाडा सापडला. वय ३२ लाख वर्षं. तिची कंबर आणि गुडघा दोन पायांवर चालणाऱ्याचे, मेंदू मात्र चिंपांझीएवढा. म्हणजे आपण आधी उभे राहिलो आणि शहाणे फार नंतर झालो. उभं राहण्यासाठी कमरेचं हाड वाडग्यासारखं आखूड आणि रुंद झालं, पाठीचा कणा दोन ठिकाणी वळला (आपली कंबरदुखी ही त्याचीच फेड), पायाचा अंगठा बाकी बोटांच्या रांगेत आला. पुढे आपल्या कुळीत पाय लांबले आणि मेंदू तिपटीनं वाढला. एवढं मोठं डोकं त्या कमरेतून बाहेर काढायचं तर अर्धंकच्चं काढावं लागतं. माणसाचं मूल जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसतो. राहिलेली वाढ बाहेर येऊन करायची, आणि ती फार महाग असते. चार-पाच वर्षांच्या मुलाचं शरीर स्वस्थ असताना जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला जवळजवळ दोनतृतीयांश वाटा एकटा मेंदू खातो.

घरात दाणे कमी असले की कुणाच्या ताटात आधी वाढायचं हे ठरलेलं असतं. शरीराचंही तसंच आहे. आधी मेंदूला वाढायचं आणि मग पायांना. पायाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात. उपासमार, जुलाब, ताप सतत आले की त्या चकत्या काम थांबवतात. बरे दिवस आले की पुन्हा सुरू होतात, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत बुडालेली मजुरी पूर्ण भरून निघत नाही. म्हणून लहानपणीच्या उपाशीपणाची खूण डोक्यापेक्षा पायांच्या लांबीत जास्त दिसते. गंमत बघा, वंश शोधणाऱ्यांनी शंभर वर्षं डोकी मोजली आणि भूक सगळा हिशोब पायांत लिहीत राहिली.

हाडं वाचणारे पुरातत्त्वज्ञ हे चांगलं ओळखतात. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत मूल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावातल्या दफनांत बहुतेक मुलंच होती. त्यांची जात कुठली, कूळ कोणतं, हे हाडं सांगत नाहीत. आजारपण आणि उपासमार यांच्या खुणा मात्र दातांवर आणि हाडांवर राहतात.

आता तक्त्यांवर येऊ. ते तक्ते परदेशी आहेत हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजून ते बनवले: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. सुखवस्तू घरं, आईचं दूध मिळालेलं, आया धूम्रपान न करणाऱ्या, दवाखाना जवळ. या सहा ठिकाणच्या मुलांच्या उंचीत जो काही फरक होता त्यापैकी देशादेशांमुळे पडलेला फरक तीन टक्के होता. सुमारे सत्तर टक्के फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला. नॉर्वेची मुलं आणि दिल्लीची मुलं बरोबरीनं वाढली. कारण दोघांचीही ताटं भरलेली होती. पट्टी परदेशी नाही. ती पोटभर जेवलेल्या मुलाची पट्टी आहे, आणि तसं मूल आपल्याकडे कमी, म्हणून ती आपल्याला परकी वाटते.

माझा खरा पुरावा मात्र दुसरा आहे. अर्थतज्ज्ञ सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा खुजं नाही. फरक सुरू होतो दुसऱ्या मुलापासून आणि तिसऱ्याला आणखी वाढतो. मुलगा हवा म्हणून जन्मत गेलेल्या मुलींच्या वाट्याला येणारी तूट हे त्यांच्या मते त्याचं मोठं कारण. आता सांगा, आई तीच, बाप तोच, हाड तेच. पहिल्याला पुरलेलं हाड तिसरीला का पुरलं नाही?

साताऱ्याला हे संशोधन वाचायची गरज नव्हती. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या मुलीचं नावच नकुशी ठेवायचे. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. मी त्या दिवशी गर्दीत होते. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैष्णवी. टाळ्या वाजवताना माझी नजर सवयीनं पायांकडे गेली. नाव बदलायला एक फॉर्म पुरतो.

माझ्या बाजूची कच्ची जागाही सांगते. उंचीत आनुवंशिकता नसते असं मी म्हणत नाही. पोटभर जेवणाऱ्या समाजात दोन माणसांच्या उंचीतला बराचसा फरक आनुवंशिकच असतो; त्यामागे हजारो लहान लहान जनुकीय फरक असतात. पण शाळूचं एकाच पोत्यातलं बियाणं अर्धं माणमधल्या मुरमाड रानात पेरा आणि अर्धं कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत. माणच्या रानात दोन धाटांत जो उंच-ठेंगणेपणा दिसेल तो बियाण्याचा. कऱ्हाडच्या आणि दहिवडीच्या रानातला फरक जमिनीचा आणि पाण्याचा. दुसऱ्या फरकाला पहिल्याचं कारण चिकटवायचं नाही, एवढंच म्हणणं.

दुसरी कच्ची जागा अधिक बोचरी आहे. खुज्या आईचं मूल चांगलं जेवूनही एका पिढीत तक्त्याला पोचत नाही. हे पाहून लोक म्हणतात, बघा, हाडच. कुस्तीगिराचे मोडलेले कान त्याच्या मुलाला जन्मतः मिळत नाहीत, कमावलेली छातीही मिळत नाही. उत्क्रांतीचा हा साधा धडा आहे. आईची उपासमार मात्र मुलापर्यंत पोचते. ती जनुकांतून जात नाही. गर्भाला मिळणाऱ्या रक्तातून, जागेतून, जन्मवजनातून जाते. दिसायला कुळासारखी, असते उधारीसारखी. दोन-तीन पिढ्यांत फिटते. आपण पट्टी खाली आणली तर मात्र ती उधारी कागदावरूनच गायब होईल.

खुज्या मुलाला नुसतं वजन वाढवण्यासाठी गोडधोड चारलं तर पुढे मधुमेहाला आमंत्रण, हा डॉक्टरांचा इशाराही मला मान्य आहे. म्हणून तर उंची मोजायची, नुसतं वजन करून हात झटकायचे नाहीत.

पट्टी खाली आणण्याचे फायदे कुणाला आहेत हे एकदा मोजा. आज ३५ वर असलेला आकडा एका आदेशानं अर्ध्यावर येईल. बैठका लहान होतील. माझ्यासारख्या मुख्यसेविकेची रात्रीची झोप परत येईल. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं आलं, २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं गेलं. 'आपली हाडंच तशी' म्हटलं की त्या अंड्याची वर्गणी मागायलाही कुणाला जावं लागणार नाही.

दर दिवाळीनंतर आमच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. पहाटे तीनला आई फडात जाते, चार वर्षांची बहीण सहा महिन्यांच्या भावाला सांभाळते. त्या मुलांचं नाव तिकडच्या रजिस्टरात असतं, मुलं इकडं असतात. वाळव्याच्या एका अंगणवाडीत आमची सेविका फळी डोक्यावर घेऊन कोप्यांवर जायची आणि तिथल्या पोरांना मोजून यायची, कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठाऊक नसताना. ती म्हणायची, "बाई, आधी मोजून तर ठेवू." मला तक्त्यांविषयीच्या सगळ्या वादात तिचं हे वाक्य सगळ्यात शास्त्रीय वाटतं. वेगळे भारतीय तक्ते बनवायचेच असतील तर खुशाल बनवा, पण आधी या कोपीवरच्या पोरांना दक्षिण दिल्लीतल्या पोरांचं ताट, पाणी आणि संडास द्या, पाच वर्षं थांबा आणि मग मोजा.

दहावीच्या विज्ञानाच्या आपल्या राज्याच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा अजून पहिलाच आहे. केंद्राच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांती काढली, तिथं नुसती आनुवंशिकता उरली. याच्याइतकी उलटी निवड शोधून सापडणार नाही. आनुवंशिकता ठेवली आणि उत्क्रांती काढली की मुलाच्या हाती उरतं ते आमच्या आत्यांचंच शास्त्र. आपल्या पुस्तकातही रामापिथेकस नावाच्या प्राचीन वानरापासून माणसापर्यंत एका रांगेत वर चढत जाणारी गोष्ट आहे. रामापिथेकस हा माणसाचा पूर्वज नव्हे, हे संशोधकांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच मान्य केलं; तो शिवापिथेकसमध्ये जमा झाला आणि शिवापिथेकसचं नातं ओरांगउटानशी निघालं. आपली गोष्ट शिडीसारखी नाहीच. ती जावळीतल्या म्हसव्याच्या वडासारखी आहे. पारंब्या फुटतात, काही सुकतात, काही जमिनीत रुजून पुन्हा खोडाला भिडतात. त्यात मूळ खोड कुठलं हे दाखवायला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत फिरत राहतो. या झाडात चोख हाड शोधायचं तर कुठल्या पारंबीला हात लावणार?

भाच्याच्या स्थळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आत्यांनी कोरेगावच्या ओळखीतून महिनाभर चौकशी केली. पाच पिढ्या निघाल्या, सोयरीक कुठं कुठं झाली ते निघालं. हाड चोख निघालं. मग मुलगी बघायला गेलो. तीन बहिणींतली ती धाकटी, तिच्या पाठीवर भाऊ. एम.एस्सी. झालेली, बोलायला मोकळी. परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. वाढे फाट्याच्या अलीकडे आत्या म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय गं. पर चार फूट धाच हाय."